परवाना हातात आला, आता आपत्तीत उपयोगी कसं पडायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना नुकताच मिळाला आहे, हाताशी एक छोटा हँडहेल्ड सेट आहे आणि आपत्तीच्या वेळी मदत करायची मनापासून इच्छा आहे. क्लबमध्ये विचारल्यावर त्यांनी आधी एका मॅरेथॉनमध्ये पॉइंटवर उभं राहायला सांगितलं. त्यावर तीन शंका विचारल्या आहेत. सगळ्यांकडे मोबाइल असताना आपला उपयोग काय? शर्यतीतल्या ड्यूटीचा आपत्तीशी संबंध काय? आणि सामान कोणतं घ्यावं?

क्लबने तुम्हाला योग्य ठिकाणी पाठवलं आहे. आपत्तीत रेडिओवर जे काम करावं लागतं ते जवळजवळ सगळं शर्यतीच्या दिवशी करायला मिळतं, आणि तिथे चुकलं तर दुरुस्त करायला वेळ असतो. दुसऱ्याचा निरोप त्याच्याच शब्दांत, वेळेत, ज्याचा आहे त्याच्यापर्यंत पोचवायचा, एवढंच ते काम. ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्यांदा माइक धरणारे बहुतेक जण निरोपात स्वतःची भर घालतात, आकडा अंदाजे सांगतात किंवा घाईत अर्धाच निरोप देऊन पीटीटी (बोलताना दाबून धरायचं बटण) सोडतात. सेट, अँटेना, बॅटरी, डिजिटल मोड हे सगळं त्या एका कामासाठी असतं, म्हणून सामानाकडे शेवटी येतो.

आधी मोबाइलची शंका. मोबाइलचं जाळं रोजच्या गर्दीचा अंदाज धरून बांधलेलं असतं. एकाच भागातले हजारो लोक एका मिनिटात फोन लावू लागले की टॉवर धडधाकट असूनही फोन लागत नाही. वीज गेली की टॉवर बॅटरीवर जातो आणि ती बॅटरी काही तासच पुरते. जनरेटर असला तरी त्याला डिझेल पोचवायला रस्ता उघडा लागतो. कधी टॉवर चालू असतो, पण पुढची फायबर केबल तुटलेली असते. दोन रेडिओंच्या मध्ये यातलं काहीच लागत नाही. इकडे एक सेट, बॅटरी आणि अँटेना, तिकडे तसंच, मध्ये मोकळी हवा.

माझ्या मते दुसरं कारण याहून मोठं आहे आणि त्याचा विचार फारसा होत नाही. फोनवर दोघंच बोलतात. रेडिओच्या ‘नेट’वर, म्हणजे एकाच फ्रीक्वेन्सीवर जमलेल्या ऑपरेटरांच्या जाळ्यात, एक बोलतो तेव्हा सगळे ऐकतात. वीस ठिकाणच्या माणसांना ‘मार्ग बदलला आहे’ हे सांगायला फोनवर वीस कॉल लागतात, आणि तेही प्रत्येकाने उचलला तर. नेटवर ते एका वाक्यात होतं. शिवाय अठराव्या माणसाला माहीत असलेली अडचण त्याच क्षणी बाकी सगळ्यांना कळते.

१५ एप्रिल २०१३ रोजी बोस्टन मॅरेथॉनच्या अंतिम रेषेजवळ स्फोट झाले, तेव्हा हॅम स्वयंसेवक शर्यतीच्या कामासाठी आधीपासूनच मार्गावर आणि वैद्यकीय तंबूंमध्ये होते. काही वेळातच मोबाइलवर इतका ताण आला की फोन लागेनासे झाले. ऑपरेटर जागेवर होते, नेट चालू होतं, कोण कुठे आहे हे नेट कंट्रोलला, म्हणजे नेट चालवणाऱ्या ऑपरेटरला, ठाऊक होतं. त्यांना वेगळं काही उभारावं लागलं नाही. सकाळपासून पाण्याचे ग्लास आणि थकलेले धावपटू यांचे निरोप ज्या नेटवर चालले होते, त्याच नेटवर पुढचं सगळं काम झालं. शर्यतीचा आपत्तीशी काय संबंध, याला याहून नेमकं उदाहरण मला देता येणार नाही.

आता शर्यतीचा दिवस आतून कसा असतो ते पाहू.

आयोजकांकडून मार्गाचा नकाशा येतो. त्यावर पाण्याचे पॉइंट, वैद्यकीय पॉइंट, वळणं, रुग्णवाहिका उभ्या राहण्याच्या जागा आणि सगळ्यात मागून येणारी गाडी असते. प्रत्येक महत्त्वाच्या जागी एक ऑपरेटर नेमतात. याशिवाय एक जण आयोजकांच्या प्रमुखासोबत दिवसभर सावलीसारखा फिरतो, म्हणजे प्रमुख कुठेही असला तरी त्याच्यापर्यंत निरोप पोचतो. सगळ्यांच्या वर नेट कंट्रोल असतो. नेट सुरू असताना त्याला विचारल्याशिवाय कोणी कोणाशी परस्पर बोलत नाही. नव्या माणसाला हा नियम जाचक वाटतो. पण एका फ्रीक्वेन्सीवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघांनी एकदम पीटीटी दाबली तर एफएमवर दोघांचंही वाया जातं, किंवा जोरदार सिग्नलवाला दुसऱ्याला पूर्ण गिळतो आणि दुसऱ्याला ते कळतही नाही.

पॉइंटना नावं देताना आकड्यांपेक्षा जागेची नावं बरी. ‘पॉइंट सात’ म्हटलं की तो सातवा पॉइंट की सातवा किलोमीटर, हा गोंधळ ठरलेला. त्यात खरखरीत सिग्नलवर ‘सात’ आणि ‘साठ’ सारखंच ऐकू येतं. ‘पूल’, ‘शाळा’, ‘मैदान’ अशी एकमेकांशी न जुळणारी नावं घेतली की हा घोळ होत नाही. ही ‘टॅक्टिकल’ नावं कामापुरती असतात. स्वतःचा कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं ओळखचिन्ह, तुमच्या देशाच्या नियमात जितक्या वेळाने सांगायचा आहे तितक्या वेळाने द्यावाच लागतो. टॅक्टिकल नाव वापरलं म्हणून त्यातून सुटका नाही.

एक नमुना देतो. असा संवाद जवळपास प्रत्येक शर्यतीत एकदा तरी होतो.

“नेट, पूल. तातडीचं, वैद्यकीय.”

“सगळे थांबा. पूल, बोला.”

“धावपटू चार एक सात दोन. शुद्धीवर आहे, उभं राहता येत नाही. जागा पुलाच्या पुढे अंदाजे दोनशे मीटर, धावण्याच्या दिशेने डाव्या हाताला, पाण्याच्या टाकीसमोर. सोबत एक स्वयंसेवक आहे. ओव्हर.”

“चार एक सात दोन. शुद्धीवर, उभं राहता येत नाही. पुलाच्या पुढे दोनशे मीटर, धावण्याच्या दिशेने डावीकडे, टाकीसमोर. वेळ शून्य सात चार दोन. बरोबर?”

“बरोबर.”

“वैद्यकीय दोन निघते आहे. पूल, गाडी दिसली की कळवा. बाकी नेट मोकळं.”

यात काय काय केलं ते नीट बघा. ‘तातडीचं’ हा शब्द आधी आला, म्हणून नेट कंट्रोलने बाकीच्यांना थांबवलं. मजकूर त्यानंतर आला. नंबर एकेक अंक सुटा करून सांगितला, कारण त्रेपन्न आणि त्रेसष्ट, एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे रेडिओवर सहज एकमेकांची जागा घेतात आणि रुग्णवाहिका भलत्याच धावपटूला शोधत बसते. ‘डावीकडे’ एवढंच न म्हणता कोणत्या दिशेने तोंड केल्यावर डावीकडे, हे सांगितलं, कारण गाडी समोरूनही येऊ शकते. ऐकणाऱ्याने निरोप परत वाचून दाखवला आणि सांगणाऱ्याने ‘बरोबर’ म्हणेपर्यंत तो पोचला असं धरलं नाही.

जे सांगितलं नाही तेही तितकंच महत्त्वाचं. नाव नाही. ‘हार्ट अटॅक असावा’ असा अंदाज नाही. हॅम बँडवर तुमचं बोलणं स्कॅनर असलेला कोणीही ऐकू शकतो आणि अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक भाषा वापरायला आंतरराष्ट्रीय नियमांची मनाई आहे. त्या धावपटूच्या घरचं माणूस अंतिम रेषेवर उभं असतं. त्याला ही बातमी रेडिओवरून, तीही चुकीच्या निदानासह कळणं हा अन्याय आहे. तुम्ही डॉक्टर असलात तरी पॉइंटवर ऑपरेटर म्हणून उभे असताना डोळ्यांना दिसतं तेवढंच सांगा. निदान करायला माणसं येत आहेत.

निरोप मोठा असेल तर बोलण्याआधी लिहून घ्या. मी हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतो आणि प्रत्येक वेळी त्यांना ते अनावश्यक वाटतं. मग पहिलाच लांब निरोप येतो: कुठल्या तंबूला काय, किती, कधीपर्यंत हवं आहे, आणि हे कोणी मागितलं आहे. तो तोंडी घेऊन तोंडी पुढे दिला की तिसऱ्या माणसापर्यंत पोचेस्तोवर आकडा बदलतो आणि मागणाऱ्याचं नाव गळतं. चांगल्या टपालवाल्याने पत्र उघडून त्यातली भाषा सुधारायची नसते, तसंच ऑपरेटरने निरोपातला शब्द बदलायचा नसतो. ‘पन्नास ब्लँकेट’ ऐकून तुम्हाला ते कमी वाटले तरी पन्नासच सांगा. शंका असेल तर ज्याने निरोप दिला त्याच्याकडे परत जाऊन विचारा आणि त्याने बदलला तर नवा निरोप म्हणून पाठवा. औपचारिक रेडिओग्राममध्ये, म्हणजे ठरलेल्या नमुन्यात लिहिलेल्या निरोपात, क्रमांक, निकड, मूळ स्टेशन, शब्दसंख्या, ठिकाण, वेळ आणि तारीख अशी ओळ वर असते. त्यातली शब्दसंख्या मला फार आवडते. घेणाऱ्याने शब्द मोजले आणि संख्या जुळली नाही, तर काहीतरी गळलं हे तिथेच समजतं.

लॉगबद्दल एवढंच सांगतो की प्रत्येक ओळीला वेळ हवी. आठ तासांनंतर ‘ती गाडी किती वाजता निघाली होती’ असं कोणी विचारतं, तेव्हा डोक्यातली वेळ आणि कागदावरची वेळ यांत मोठा फरक असतो. पेन्सिल वापरा, पावसात पेनची शाई पसरते.

बोलण्याच्या सवयींपैकी दोनच इथे सांगतो, बाकीच्या आपोआप येतील. पीटीटी दाबल्यावर एक सेकंद थांबून मग बोला. रिपीटरला, म्हणजे उंचावरून आपला सिग्नल पुन्हा प्रसारित करणाऱ्या सेटला, टोन (आवाजासोबत जाणारा ओळखीचा सूर) ओळखून उघडायला थोडा वेळ लागतो आणि नव्या माणसाचा पहिला शब्द जवळजवळ नेहमी कापला जातो. बरेचदा तो पहिला शब्द म्हणजे त्याची ओळख असते, त्यामुळे कोण बोलतंय हेच नेट कंट्रोलला कळत नाही. दुसरी सवय, सिग्नल तुटत असेल तर जागच्या जागी ओरडू नका, अर्धा मीटर बाजूला सरका. १४५ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी साधारण २ मीटर असते. इमारतींवरून परतलेल्या लहरी एका जागी एकमेकींना मारतात आणि अर्ध्या मीटरवर एकमेकींना साथ देतात. सेट कमरेला न ठेवता डोक्याच्या उंचीवर, अँटेना सरळ उभी धरली तरी पुष्कळ फरक पडतो.

आता आपत्ती. इथे जरा सविस्तर लिहितो, कारण चांगली इच्छा असलेली माणसं इथेच जास्त नुकसान करतात.

पहिली गोष्ट, बोलावल्याशिवाय निघू नका. भूकंप किंवा पूर आल्यावर गाडीत सेट टाकून घटनास्थळी पोचणारा उत्साही माणूस तिथल्या यंत्रणेवरचं ओझं होतो. त्याला पाणी लागतं, झोपायला जागा लागते, तो कोण आहे हे कोणाला माहीत नसतं आणि तो अडकला तर त्याला शोधायला माणसं पाठवावी लागतात. क्लबमार्फत किंवा ज्या संस्थेशी आधीपासून करार आहे तिच्यामार्फत बोलावणं येतं, ओळखपत्र मिळतं, काम ठरवून दिलं जातं. तोवर तुमची जागा घरी, सेटसमोर. आधी घरच्यांची आणि घराची खात्री करून घ्या. मग ठरलेली फ्रीक्वेन्सी लावा आणि ऐका. नेट कंट्रोलने हजेरी मागितली तर जागा, वीज आहे की बॅटरी आणि तुम्ही किती वेळ देऊ शकता एवढं सांगा, आणि पुन्हा ऐकत बसा. कित्येक तास तुम्हाला कोणी काही विचारणार नाही. तो वेळ फुकट जात नाही. एखाद्या दूरच्या स्टेशनाचा क्षीण सिग्नल नेट कंट्रोलला ऐकू येत नाही आणि तुम्हाला येतो, तेव्हा ‘रिले’ म्हणून तो निरोप पुढे देणारे तुम्ही एकटेच असू शकता.

दुसरी गोष्ट म्हणजे ऐकीव बातमी. आपत्तीच्या पहिल्या दिवशी बातम्या कमी नसतात, खात्रीच्या बातम्या कमी असतात. समजा, कोणीतरी पॉइंटवर येऊन सांगतं, “खालचा पूल वाहून गेला.” तुम्ही ते जसंच्या तसं नेटवर टाकलंत की पाच मिनिटांत ते ‘हॅम ऑपरेटरने कळवलं आहे’ असं होऊन नियंत्रण कक्षाच्या फळ्यावर जातं. रुग्णवाहिका वीस किलोमीटरच्या वळशाने पाठवल्या जातात. पूल मात्र उभा असतो, फक्त त्यावरून पाणी वाहत असतं. म्हणून प्रत्येक निरोपासोबत तो कुठून आला हे सांगा: ‘मी स्वतः पाहिलं, वेळ अमुक’, किंवा ‘एका रहिवाशाने सांगितलं, त्याने स्वतः पाहिलं नाही’. दुसऱ्या प्रकारचा निरोप पाठवूच नये असं मी म्हणत नाही. पण त्यावर तसा शिक्का असलाच पाहिजे, म्हणजे निर्णय घेणारा खात्री करायला माणूस पाठवील. आणि निर्णय घेणारे तुम्ही नाही. हे स्वीकारणं काही अनुभवी हॅमनाही जड जातं, पण ज्या संस्थेसाठी आपण काम करतो तिचा विश्वास यावरच टिकतो.

तिसरी गोष्ट, आपत्तीतले बरेचसे निरोप नाट्यमय नसतात. शिबिरात किती माणसं आहेत, कुठली औषधं संपत आली आहेत, जनरेटरला किती तासांचं डिझेल उरलं आहे. आणि सगळ्यात जास्त, ‘आम्ही सुखरूप आहोत, काळजी करू नका.’ २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हॅमचा एक चमू अंदमानात पोर्ट ब्लेअरला होता. ते गेले होते जगभरच्या हॅमना त्या दुर्मीळ ठिकाणाचा संपर्क मिळवून द्यायला. लाटा आल्यावर त्यांनी तो उपक्रम तिथेच थांबवला आणि तेच स्टेशन मदतकार्याला आणि बेटांवरच्या लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळवायला लावलं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये ‘मारिया’ चक्रीवादळाने पोर्टो रिकोतली वीज आणि जवळपास सगळे मोबाइल टॉवर बंद पाडले. तेव्हा अमेरिकेतल्या हॅम संघटनेने रेडक्रॉसच्या विनंतीवरून २२ ऑपरेटर तिथे पाठवले. तिथल्या लोकांची खुशाली बाहेरच्या नातेवाइकांना कळवणं हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. ज्याच्या घरून दहा दिवस काही कळलेलं नाही त्याच्या दृष्टीने या चार शब्दांच्या निरोपाइतकं महत्त्वाचं दुसरं काही नसतं. तो कंटाळवाणा समजून भराभर उरकू नका. नावाचं एक अक्षर चुकलं तर तो पोचत नाही, म्हणून नावं फोनेटिक अक्षरांत (‘ए’साठी ‘अल्फा’, ‘बी’साठी ‘ब्राव्हो’ असं), सावकाश सांगा.

चौथी, झोप. पहिल्या रात्री सगळे जागतात, दुसऱ्या रात्री चुका सुरू होतात. आठ तासांची पाळी करा, बारा तास म्हणजे कमाल. पुढच्याला लॉग समजावून द्या, अर्धवट राहिलेले निरोप दाखवा आणि मग सेट सोडा. नेट कंट्रोलचं काम तर दोन-तीन तासांहून जास्त सलग करू नये, एवढं ते डोकं थकवतं.

हे नियम आपत्तींनीच शिकवले आहेत. १९५३ च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्राच्या पुराने इंग्लंडचा पूर्व किनारा बुडाला, त्या अनुभवातून तिथे हॅम स्वयंसेवकांचं ‘रेनेट’ उभं राहिलं. चक्रीवादळांवर लक्ष ठेवणारं ‘हरिकेन वॉच नेट’ १९६५ मध्ये ‘बेट्सी’ वादळाच्या वेळी सुरू झालं आणि आजही वादळ जवळ आलं की १४.३२५ मेगाहर्ट्झवर ऐकू येतं.

आता सामान. मॅरेथॉनसाठी आहे तो ५ वॉटचा हँडहेल्ड पुरेसा आहे. एक जादा बॅटरी घ्या, गर्दीत ऐकू यावं म्हणून इअरफोन घ्या, आणि रबरी अँटेनाऐवजी एखादी लांब अँटेना मिळाली तर उत्तम. १४५ मेगाहर्ट्झची पाव लहर सुमारे ४९ सेंटिमीटर होते. सेटसोबत येणारी बोटभर अँटेना त्यापुढे फारच तोकडी पडते. पुढे जाऊन काही खरेदी करावीशी वाटली तर पैसे वॉटवर घालण्याआधी उंचीवर घाला. व्हीएचएफवर (१४५ मेगाहर्ट्झ याच पट्ट्यात येतं) रेडिओ क्षितिजाचं, म्हणजे लहर सरळ रेषेत जिथवर पोचते तिथवरचं, अंतर किलोमीटरमध्ये काढायचं असेल तर अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घेऊन त्याला ४.१ ने गुणा. उभ्या माणसाच्या हातातल्या सेटला ते जेमतेम ५ किलोमीटर येतं. तीच अँटेना १० मीटर उंच खांबावर नेली की १३ किलोमीटर. दोन्ही टोकांची अंतरं मिळवायची असतात. हातात ५ चे ५० वॉट केल्याने हे क्षितिज एक मीटरही पुढे सरकत नाही.

बॅटरीचा हिशेब प्रत्येकाने स्वतः कागदावर करावा, कारण इथे अंदाज नेहमी कमी पडतो. गाडीत बसवायचा ५० वॉटचा सेट बोलताना साधारण १० अँपिअर आणि ऐकताना सुमारे अर्धा अँपिअर घेतो. धावत्या नेटवर तुम्ही पाचातला एक भाग वेळ बोलत असाल तर सरासरी २.४ अँपिअर होते. बारा तासांच्या पाळीला २९ अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याहून जास्त ओढू नये, म्हणजे ६० अँपिअर-तासांची, उचलताना कंबर दुखेल अशी बॅटरी लागली. लिथियम आयर्न फॉस्फेटची ४० ची पुरते आणि वजन निम्म्याहून खूप कमी. पण त्याही आधी पॉवर कमी करून बघा. १० वॉटवर सेट बोलताना ४ अँपिअरच्या आसपास घेतो, सरासरी निम्म्यावर येते आणि रिपीटर जवळ असेल तर ऐकणाऱ्याला फरकही कळत नाही.

रिपीटर बंद पडेल हे धरूनच चाला. तोही एका इमारतीवर किंवा डोंगरावर विजेवर चालणारा सेटच आहे. नेट सुरू होण्याआधी पर्यायी रिपीटर आणि सिम्प्लेक्स (रिपीटरशिवाय थेट सेट ते सेट बोलायची) फ्रीक्वेन्सी ठरलेली आणि प्रत्येकाच्या कागदावर लिहिलेली हवी. सेटमध्ये प्रोग्रॅम करून ठेवली असेल तरीही कागदावर हवीच. दुसऱ्याचा सेट हातात आला तर तुमची मेमरी त्यात नसते. आणि कीपॅडवरून फ्रीक्वेन्सी, शिफ्ट (रिपीटरच्या ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रीक्वेन्सीतला फरक) आणि टोन हाताने भरायला शिका. संगणकाशिवाय सेट लावता न येणारे पुष्कळ ऑपरेटर मला भेटले आहेत.

एचएफचं (३ ते ३० मेगाहर्ट्झ, दूरच्या संपर्काचा पट्टा) सामान परवान्याची वरची श्रेणी मिळाल्यावर घ्या. तोवर एवढं लक्षात ठेवा की आपत्तीत हजारो किलोमीटरपेक्षा शंभर ते चारशे किलोमीटरचा संपर्क जास्त लागतो. त्यासाठी ४० मीटर बँडची २० मीटर लांब साधी तार जमिनीपासून तीन-पाच मीटरवरच बांधतात. लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि आयनावरणावरून आजूबाजूला उतरते, मध्ये डोंगर असले तरी अडत नाहीत. दिवसा ४० मीटर आणि रात्री ८० मीटर बँड हा साधारण नियम. देशोदेशींच्या आपत्कालीन संपर्कासाठी १४.३०० मेगाहर्ट्झच्या आसपास जागा मोकळी ठेवण्याचा संकेत आहे, तिथे गप्पा मारत असाल तर आधी कान देऊन ऐका.

डिजिटलबद्दल लोक फार विचारतात. रेडिओवरून ईमेल पाठवणारं विनलिंक शिकून घ्याच, कारण चाळीस औषधांची यादी आवाजावर सांगणं म्हणजे अर्धा तास नेट अडवणं आणि दोन-चार चुकांची खात्री. रेडिओवरून आपली जागा आपोआप कळवणारं एपीआरएस शर्यतीत सगळ्यात मागची गाडी नकाशावर दिसण्यासाठी छान आहे. दोन्ही आवाजाच्या जोडीला वापरायची, आवाजाऐवजी नाही.

कायद्यापुरतं इतकंच. ही सेवा विनामोबदला आहे. आयोजकांनी टीशर्ट दिला तर ठीक, ड्यूटीचे पैसे घ्यायचे नाहीत. परवान्याबाहेरच्या फ्रीक्वेन्सीवर, पोलिसांच्या चॅनेलवर तर मुळीच, प्रसारण करायचं नाही. एरवी दुसऱ्या देशाशी त्रयस्थ माणसाचा निरोप नेणं नियमांत बसत नाही, पण आपत्तीत आंतरराष्ट्रीय रेडिओ नियम त्याला मुभा देतात. देशाच्या नियमांत बारीक फरक असतात, ते तुमच्या परवान्याच्या अटींमध्ये वाचून घ्या.

आता या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. क्लबचं नेट कोणत्या वारी, किती वाजता असतं ते विचारा आणि दर वेळी हजेरीला जा, बोलायला काही नसलं तरी. चार नेट ऐकलीत की कोण निरोप नीट घेतं आणि कोण घोळ घालतं हे तुमचं तुम्हालाच कळू लागेल. मॅरेथॉनच्या वाटपात निवड करायला मिळाली तर वैद्यकीय तंबू किंवा शेवटची गाडी मागू नका. ती कामं अनुभवी माणसांसाठी ठेवलेली असतात. एखाद्या जुन्या ऑपरेटरच्या शेजारचा पाण्याचा पॉइंट मागा. दिवसभर नेट ऐका, तुमच्यासाठी नसलेले निरोपही वहीत वेळेसह उतरवा. नेट बंद झाल्यावर नेट कंट्रोलचा लॉग मागून घ्या आणि आपला कागद शेजारी ठेवून दोन्ही ओळीने ताडून पाहा. कोणते निरोप तुम्ही ऐकलेच नाहीत, कोणते आकडे वेगळे उतरले, हे त्यावरून दिसेल. पुढच्या शर्यतीआधी त्यावर क्लबमधल्या कोणा जाणत्याशी बोलून घ्या.